इंजिनातलं ऑइल वाढतंय? ट्रॅक्टर खोलण्याआधी हे करा

ट्रॅक्टरचं ऑइल कमी होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रिंगा घासल्या, कुठलं तरी सील गेलं, खाली डाग पडला की मिस्त्रीला बोलवायचं. पण एके दिवशी सकाळी डिपस्टिक काढावी आणि ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं दिसावं, काल तर कुणी थेंबभर घातलेलं नाही, मग काय करायचं? नव्या ड्रायव्हरला त्यात काही वावगं वाटत नाही. "ऑइल फुल आहे, साहेब," म्हणतो आणि चावी फिरवतो. ती चावी फार महागात पडू शकते.

मी जुहूच्या किनाऱ्यावर सफाईचं काम करणाऱ्या ट्रॅक्टरांची देखभाल बघतो. मुंबईत ट्रॅक्टर असतात तरी किती, असं वाटेल. पण किनाऱ्यावर वाळू चाळणारी यंत्रं ओढायला ते लागतात, पाण्याच्या टँकरपुढे आणि रस्त्याच्या कामावर कॉम्प्रेसरपुढे ते दिसतात, विसर्जनाच्या दिवशी चौपाट्यांवर तर हवेतच. अडचण अशी की गावात चार घरं सोडून ट्रॅक्टरचा जाणकार भेटतो, तसा इथे भेटत नाही. इथले मिस्त्री ट्रकचे, टेम्पोचे, जनरेटरचे. डीलर गाठायचा तर बहुतेकदा भिवंडी, पनवेल नाहीतर वसईकडे बघावं लागतं. त्यामुळे ज्याच्या हवाली ट्रॅक्टर आहे, त्यालाच पहिलं निदान करावं लागतं आणि कंपनीशी बोलणंही त्याच्याच गळ्यात येतं.

आमच्या तीन सिलिंडरच्या, ४५ एचपीच्या एका ट्रॅक्टरला वॉरंटीत असतानाच हा आजार झाला. त्या दिवसांत जे कळलं ते नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी लिहितोय. तुमच्या ट्रॅक्टरचं कारण वेगळं निघेलही, पण तपासायची रीत हीच राहील.

पहिलं काम: चावी खिशात

ऑइल वाढलंय म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, दुसरं काहीतरी उतरलंय. ते एक तर पाणी असतं, नाहीतर डिझेल. दोन्ही वाईट, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

पाणी असेल तर ते चेंबरमध्ये पोचण्याआधी एखाद्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर साठलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला, पिस्टन वर आला आणि मध्ये पाणी आलं, की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे हजारांचं काम लाखावर जातं. स्टार्टर नुसता "टक्" करून अडला तर बॅटरी उतरली समजून दुसऱ्या गाडीने धक्का देऊ नका. आमच्याकडे ड्रायव्हर तेच करायला निघाला होता.

डिझेल असेल तर ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं खातं. त्याहून भीतीदायक गोष्ट अशी की पातळी फार चढली तर इंजिन ब्रीदरवाटे (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) स्वतःचंच ऑइल ओढून जाळू लागतं आणि पळत सुटतं. मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा तोडायची. हात लावायचा नाही, कापडही नाही, ते आत ओढलं जातं.

चावी काढली की स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: "सुरू करू नये". दुसऱ्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगितलेलं पोचत नाही.

पाणी की डिझेल, हे घरच्या घरी कळतं

बोटावर ऑइल घ्या, चोळा, वास घ्या. डिझेल मिसळलेलं असेल तर ऑइल पाण्यासारखं सरसर पळतं आणि वास लपत नाही. टिपकागदावर एक थेंब टाकून तासभर ठेवा. मधे काळा ठिपका आणि त्याच्याभोवती पिवळट, पातळ कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय धरा. कुठून आलं? फीड पंपाचा पडदा फाटला, डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं किंवा नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, टपकतंय. पंप आणि नोझल उतरवून पंपवाल्याकडे बेंचवर लावले की उलगडा होतो. वॉरंटीतला ट्रॅक्टर असेल तर हे उतरवणंही डीलरकडूनच करून घ्या. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले, त्यामुळे त्यांत कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल फवारणी यंत्रणा, आली आहे. त्यांच्या पंपाला बाहेरच्या माणसाने हात लावू नये, कंपनीचा स्कॅनर लागतो.

पाणी मिसळलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. पण थोडंच पाणी असेल तर नुसत्या डोळ्याला कळत नाही. तेव्हा तव्याची परीक्षा करा. जुना तवा स्टोव्हवर चांगला तापवा, धूर येईल इतका नाही, आणि त्यावर ऑइलचा एकच थेंब टाका. पाणी असेल तर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो आणि बुडबुडे फुटतात. नसेल तर थेंब गपचूप पसरतो. चष्मा लावा, तोंड लांब ठेवा आणि तो तवा परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

तिसरी परीक्षा सर्वांत बोलकी. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, ते तळाला बसतं. सकाळी इंजिन न हलवता चेंबरचा नट फक्त सैल करा, पूर्ण काढू नका. खाली स्वच्छ, पारदर्शक भांडं धरा. आम्ही टपरीवरचे कटिंगचे काचेचे ग्लास धुऊन, सुकवून घेतले होते. पहिले दोन ग्लास जवळजवळ भरले ते हिरवट पाण्याने, मग धार गढूळ झाली, मग काळं ऑइल आलं आणि आम्ही नट आवळला. मोजून १८० मिली पाणी निघालं. ते ग्लास उजेडात ओळीने मांडून काढलेला फोटो पुढे इतका कामाला आला की दहा पत्रांनी तेवढं काम झालं नसतं.

कूलंटचं पाणी चाखून बघायच्या भानगडीत कुणी पडू नये. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. किनाऱ्यावरची कुत्री ते चाटतात आणि मरतात. सांडलेलं लगेच पुसा, गटारात ओतू नका.

पावसाळ्यातली खोटी भीती

जून ते सप्टेंबर या दिवसांत ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट लोण्यासारखा थर दिसला म्हणून घाबरू नका. ट्रॅक्टर दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं चालतो, नीट तापत नाही, मुंबईची दमट हवा आत निवते आणि तो थर धरतो. तासभर कामावर तापवला की बहुतेकदा जातो. खरी खूण तिथे नसते. ऑइलची पातळी चढते आहे का आणि त्याच वेळी रेडिएटरची उतरते आहे का, हे दोन आकडे एकत्र पाहायचे.

त्यासाठी वही हवी. आमच्या वहीतल्या त्या आठवड्याच्या दोन ओळी अशा होत्या (तास म्हणजे इंजिन आजवर एकूण चाललेले तास): "ता. ११. सकाळी ५.४०. तास १,१३१. ऑइल वरच्या खुणेच्या ४ मिमी वर. रेडिएटरला ३०० मिली घातलं. पांढरा धूर २ मिनिटं, मग साफ. खाली डाग नाही." आणि "ता. १३. तास १,१३८. ऑइल ७ मिमी वर. रेडिएटर ४०० मिली. पांढरा धूर ५ मिनिटं. सुरू होताना अडखळला." खरं म्हणजे ११ तारखेलाच थांबायला हवं होतं. वही लिहिली जात होती, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते. १४ तारखेला मी वाचले.

पाणी शिरलं कुठून

इथे मिस्त्रीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "हेड गॅस्केट गेलं", म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सीलचा पत्रा गेला. दहातल्या बऱ्याच वेळा ते खरंही असतं, म्हणूनच तो लगेच हेड उतरवायला बसतो. त्याला थांबवा. वॉरंटीतल्या इंजिनाचं हेड बाहेरच्या माणसाने उतरवलं की कंपनीला "नाही" म्हणायला आयतं कारण मिळतं, आणि खरं कारण दुसरंच असेल तर पुरावाही विस्कटतो.

न खोलता जेवढं कळतं तेवढं आधी पाहून घ्या. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत वर तवंग, साय दिसते का? दिसली तर ऑइल कूलरकडे बोट जातं, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो आणि ऑइल पाण्यात ढकललं जातं. बंद झाल्यावर उलटं होतं. वॉटर पंप टायमिंगच्या बाजूला गिअरवर बसवलेला असेल तर त्याचं सील गेल्यावरही पाणी चेंबरमध्ये उतरू शकतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असल्याची जुनी नोंद असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असं समजा, पण तो गॅस्केटमधून येतो की दुसरीकडून हे बाहेरून सांगता येत नाही. बुडबुडे बघण्यासाठी म्हणून आता इंजिन सुरू करू नका.

किनाऱ्यावर आणखी एक शंका असते, समुद्राच्या पाण्याची. भरतीत किंवा विसर्जनाला ट्रॅक्टर खोल गेला असेल तर खारं पाणी आत गेलं असेल का? मग गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइलही पाहा. तेही दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. आमचं तिथलं ऑइल स्वच्छ होतं.

उरलं ते लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती सिलिंडरची बिडाची नळी. आमच्या मिस्त्रींना मी विचारलं, "काका, लायनरलाच भोक पडलं असेल तर?" ते म्हणाले, "अरे, एवढ्या जाड बिडाला हजार तासांत भोक कसं पडेल?" प्रश्न रास्त होता. उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण मुंबईतले बरेच ट्रॅक्टर याच कारणाने जाऊ शकतात.

बिडाला भोक कसं पडतं

बऱ्याच ट्रॅक्टर इंजिनांत लायनर ओले असतात. म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागलेलं असतं. आत प्रत्येक स्फोटाला पिस्टन एका बाजूला आपटतो, लायनर घंटेसारखा सूक्ष्म थरथरतो. बाहेरची भिंत पाण्यापासून क्षणभर मागे सरते, तिथला दाब पडतो, वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि भिंत पुढे आली की ते बुडबुडे भिंतीवरच फुटतात. एकेका बुडबुड्याचा तडाखा सुईच्या टोकाएवढ्या जागेत बसतो. सेकंदाला कित्येकदा, दिवसाचे सहा-सात तास. पिस्टन ज्या बाजूला आपटतो त्याच बाजूला, उभ्या रेघेत खड्डे पडत जातात आणि एखादा खड्डा आरपार जातो.

याला अडवतं ते कूलंट. त्यातली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात, बुडबुड्यांचा मार तो थर झेलतो, झिजतो आणि पुन्हा धरतो. साध्या पाण्यात हा थर नसतोच. आपल्याकडे मात्र समज असा की कूलंट हे पाणी गोठू नये म्हणून घालतात. मुंबईत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ रोजी. पाणी इथे गोठणार नाही हे खरंच, पण कूलंट त्यासाठी नव्हतंच. त्यातून किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी मचूळ. त्यातल्या क्षारांनी गंज आणखी वाढतो.

लक्षणंही यावरून जुळतात. इंजिन बंद केलं की रेडिएटरमध्ये दाब शिल्लक असतो, तो त्या भोकातून पाणी सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी ते पाणी वाफ होऊन पांढरा धूर येतो, दोन-पाच मिनिटांत साफ होतो, दिवसभर ट्रॅक्टर ठणठणीत चालतो. संध्याकाळी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून हा आजार लवकर पकडला जात नाही.

तुमच्या मॉडेलचे लायनर ओले आहेत की कोरडे, हे मॅन्युअलमध्ये मिळेल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात इंजिनाचा असा तपशील असतो. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर वाचून ठेवा, कंपनीच्या इंजिनिअरशी बोलताना आपला पाय घट्ट राहतो.

नमुने घ्या

कंपनीला फोन करण्याआधी नमुने भरा. कोऱ्या, कोरड्या बाटल्या, प्रत्येकी २०० मिली. एकात चेंबरमधलं ऑइल, दुसऱ्यात नटातून आधी निघालेलं पाणी, तिसऱ्यात रेडिएटरचं कूलंट. चौथी बाटली बहुतेक जण विसरतात: त्याच डब्यातलं न वापरलेलं ऑइल. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय प्रयोगशाळेच्या आकड्यांना अर्थ येत नाही, कारण काही धातू ऑइलच्या मूळ रसायनातच असतात. प्रत्येक बाटलीवर तारीख, तास, इंजिन नंबर, घेणाऱ्याची सही. टेप लावून सील करा. शक्य तर दोन संच भरा, एक आपल्याकडेच राहू द्या.

प्रयोगशाळेकडून हे मागा: पाण्याचं प्रमाण, डिझेलचं प्रमाण, सोडिअम, पोटॅशिअम, सिलिकॉन, लोखंड, शिसं, तांबं. सोडिअम-पोटॅशिअम कूलंटकडे बोट दाखवतात. सोडिअम समुद्राच्या पाण्यातही भरपूर असतं, म्हणून कूलंटचा नमुना सोबत हवा. शिसं आणि तांबं वाढलं असेल तर बेअरिंगांपर्यंत नुकसान पोचलंय. सिलिकॉन म्हणजे बहुतेकदा वाळू, एअर फिल्टरमधून शिरलेली. आमच्या अहवालात ते थोडं जास्तच होतं, त्यामुळे फिल्टरचे क्लिप त्याच दिवशी बदलले.

कंपनीला कसं लिहायचं

आधी डीलरकडे लेखी तक्रार आणि तक्रार नंबर, मग त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल. नुसत्या फोनवर भिस्त ठेवू नका. कंपनीचं मोठं कार्यालय याच शहरात असलं तरी तिथल्या स्वागतकक्षात जाऊन बसण्यात दिवस जातो. फाइल शेवटी त्या भागाच्या सर्व्हिस इंजिनिअरकडेच येते.

राग, गाऱ्हाणं, "आमचं एवढं नुकसान" हे पहिल्या पत्रात नको. इंजिनिअरला आकडे द्या. आम्ही पाठवलेलं पत्र जवळजवळ असं होतं:

"विषय: इंजिन ऑइलमध्ये पाणी. वॉरंटीतील ट्रॅक्टर, इंजिन न खोलता उभा आहे.

इंजिन नंबर, चेसिस नंबर, विक्रीची तारीख: सोबतच्या फोटोंप्रमाणे. अवर मीटर १,१४०.

ता. ९ ते १४ या काळात ऑइलची पातळी ९ मिमी वाढली. रेडिएटरला एकूण १.४ लिटर भर घातली. बाहेर गळती नाही. सकाळी २ ते ५ मिनिटे पांढरा धूर. ता. १४ रोजी चेंबरच्या नटातून आधी १८० मिली पाणी, मग ऑइल आले. गिअरबॉक्सचे ऑइल स्वच्छ आहे.

त्यानंतर इंजिन सुरू केलेले नाही. हेड, चेंबर, नोझल यांना हात लावलेला नाही. नमुने सीलबंद आहेत.

आपल्या सर्व्हिस इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन त्यांच्यासमोर इंजिन खोलावे. भेटीची तारीख लेखी कळवावी."

सोबत सर्व्हिस बुकची सगळी पानं, जॉब कार्डं (वर्कशॉपने केलेल्या कामाच्या नोंदी), ऑइल-फिल्टर-कूलंटची बिलं, वहीच्या त्या पानांचे फोटो. "हात लावलेला नाही" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. ते खरं असावं म्हणूनच एवढा वेळ मिस्त्रीला थांबवलं.

डीलरचा माणूस म्हणेल, "ट्रॅक्टर इकडे पाठवून द्या, आम्ही बघतो." पाठवायला हरकत नाही, पण टेम्पोवर चढवून, चालवत नाही. आणि जॉब कार्डवर "इंजिन कंपनीच्या प्रतिनिधीसमोर खोलणे" असं लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

इंजिन खोलण्याचा दिवस

त्या दिवशी स्वतः हजर राहा. आपला मिस्त्री सोबत न्या, पाना त्याच्या हातात नको, डोळे हवेत.

आमच्याकडे आधी तिन्ही नोझल काढली आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हाताने सावकाश फिरवला. पंख्याच्या बाजूने दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. याच सिलिंडरवर तो तेव्हा धक्का-स्टार्ट करणार होता.

मग चेंबर उतरवला. काही ट्रॅक्टरांत चेंबर ओतीव बिडाचा असतो आणि पुढच्या एक्सलचा भार त्याच्यावर असतो. तिथे पुढून-मागून भक्कम टेकू दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल होता कामा नये. रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला (अशी हत्यारं नागदेवी स्ट्रीटला शोधा) आणि झाकणावर कोरलेल्या आकड्याइतकाच दाब दिला. खाली कोरा पुठ्ठा अंथरला. वीस मिनिटं काही नाही. मग दुसऱ्या सिलिंडरखाली एक थेंब पडला, थोड्या वेळाने दुसरा. थेंब लायनरच्या आतल्या भिंतीवरून आला तर भोक किंवा वरचं गॅस्केट. लायनरच्या बाहेरून, खालच्या कडेने आला तर ओ-रिंग, म्हणजे तिथलं रबरी कडं. टॉर्च घेऊन खाली झोपून बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आमचा थेंब आतून येत होता.

लायनर काढण्याआधी रंगाच्या पेनने प्रत्येकावर सिलिंडर नंबर आणि पुढची दिशा लिहून घ्या. पंच मारू नका. दिशा महत्त्वाची, कारण खड्डे आपटणाऱ्या बाजूला आहेत हे त्यावरूनच सिद्ध होतं.

दुसरा लायनर डिझेलने धुतला. बाहेरच्या अंगाला तळहाताएवढ्या पट्ट्यात वाळवीने पोखरलेल्या फळीसारखे खड्डे, एकाखाली एक. आतून मात्र गुळगुळीत, चकचकीत, बोटाला काही लागत नव्हतं. इंजिनिअर म्हणाले, "दिवे बंद करा." ऑफिसचं दार लावलं, लायनरच्या आत मोबाइलचा टॉर्च धरला. काळोखात बिडाच्या भिंतीवर उजेडाचा एकच ठिपका उमटला, सुईच्या टोकाएवढा. आमचे काका खाली वाकून बराच वेळ बघत होते.

मग इंजिनिअरांनी अपेक्षित प्रश्न विचारला. "रेडिएटरला पाणी कुठलं घालता?" ड्रायव्हरने खरं सांगितलं, "बोअरचं, साहेब." मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की खोटं बोलायचं नाही. लपवलेली एक गोष्ट सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

त्याच दिवशी, तिथेच, संयुक्त तपासणीची नोंद लिहून घ्या: काय काढलं, काय दिसलं, कुणासमोर. दोघांच्या सह्या. कारण काय यावर मतभेद असेल तर दोन्ही मतं लिहा. कंपनी भाग तपासणीला नेत असेल तर पावतीशिवाय देऊ नका.

"नाही" आलं तर

पहिलं उत्तर आमच्याकडे "नाही" असंच आलं. कूलंट वापरलं नाही, देखभालीतली हयगय, वॉरंटी लागू नाही. त्यात तथ्य होतं, पण ते पूर्ण नव्हतं. जुनी कागदपत्रं चाळताना डीलरच्याच वर्कशॉपचं एक जॉब कार्ड सापडलं. त्यांनी होज बदलताना कूलंट काढून टाकलं होतं आणि शेरा मारला होता: "पाणी भरले." बिलात कूलंट नव्हतं. ते जॉब कार्ड जोडून दुसरं पत्र लिहिलं, त्यात आमच्या ड्रायव्हरांनी घातलेल्या बोअरच्या पाण्याची कबुलीही तशीच ठेवली. तीन आठवड्यांनी तोडगा निघाला: तिन्ही सिलिंडरचे लायनर-पिस्टन संच आणि गॅस्केटं कंपनीची, मजुरी, ऑइल, कूलंट आमचं. वॉरंटी संपलेली असली तरी असं अर्धं-मुर्धं सहकार्य मागता येतं. त्याला गुडविल म्हणतात. ते हक्क म्हणून मिळत नाही, नोंदी नीट असतील तर मिळण्याची शक्यता असते. याच पत्रात विचारून घ्या: या भागाची सुधारित आवृत्ती आली आहे का, कूलंट नेमकं कुठलं आणि किती तासांनी बदलायचं.

इथवर निभावलं नाही तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, पण आधी एक गोष्ट तपासा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. मात्र जो स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ट्रॅक्टर घेतो, तो ग्राहक असतो. आमच्यासारख्या चार ट्रॅक्टरांच्या कंत्राटदाराला हा रस्ता अवघड. एका ट्रॅक्टरवर टँकर ओढणाऱ्या मालक-ड्रायव्हरला तो खुला आहे. त्याने आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते, तिथे कागद घेऊन जावं. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची तक्रार चालते. ती आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणी दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून भोक पडलेला लायनर आणि सीलबंद बाटल्यांचा दुसरा संच भंगारात जाऊ देऊ नका.

जुळणीनंतर

नवा लायनर बसताना त्याची वरची कड ब्लॉकच्या किती वर राहते ते डायल गेजने मोजून जॉब कार्डवर लिहायला लावा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगळा हवा. ऑइल कूलर आणि पाण्याचे मार्ग धुतल्याशिवाय नवं कूलंट भरू देऊ नका. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या. घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सांगितल्या प्रमाणात मिसळा, बहुतेकदा निम्मं-निम्मं. मिसळलेल्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन ट्रॅक्टरसोबतच ठेवा. ड्रायव्हर बोअरच्या नळाकडे जातो तो हाताशी दुसरं काही नसतं म्हणून.

पहिले ५० तास जड ओढकाम देऊ नका. ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, त्या ऑइलचा २०० मिली नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवा. पाणी शून्य आलं आणि शिसं-तांबं खाली आलं, तर तो अहवाल जुन्या अहवालाच्या मागे लावून फाइल बंद करा.